अब्बा मागच्या सीटवर

वेल्हे, ४ नोव्हेंबर २०२४

ती. अब्बांना हीनाचा सलाम. वि. वि.

मी खुशाल आहे. खोलीवर रेंज नाही, म्हणून पत्र. शिवाय फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. उपकेंद्रात नर्सचं काम छान चाललंय, पण वाड्या लांब. एसटी सकाळी एक, मग थेट संध्याकाळी. बाळंतिणींना बघायला मी पायपीट करते आणि आपली मोटारसायकल तिकडे भोरला दारात ऊन खात उभी! लायसन्स कधीच निघालंय. गाडी मला द्या ना, अब्बा.

लोभ आहेच, तो किल्लीपर्यंत पोचावा ही विनंती.

तुमची हीना

भोर, ११ नोव्हेंबर

चि. हीनास अनेक दुवा. वि. वि.

अम्मी म्हणते, देऊन टाका. तिला बोलायला काय जातंय! त्या रस्त्यानं रविवारी पुण्याची पोरं गडाकडं सुसाट सुटतात, वळणावर म्हशी बसलेल्या असतात. मी इतकी वर्षं चालवतो, खरचटलंसुद्धा नाही. पण मी म्हणजे मी. रविवारी घरी ये. वेल्ह्यापर्यंत तू चालव, मी मागं बसतो. एकदा जरी मला भीती वाटली, तर किल्ली माझ्याकडेच राहील.

वेळेवर जेव. लोभ मागायची तुला गरज नाही.

तुझा अब्बा, महंमद

वेल्हे, १८ नोव्हेंबर

ती. अब्बांना सलाम. वि. वि.

नीट पोचलात ना? भर चौकात तुम्हाला हेल्मेट घालायला लावलं, सगळे हसले, हे खरं. पण तुमचं हेल्मेट हायवे येईपर्यंत हँडललाच लटकतं आणि एरवी त्यातून अंडी येतात! पट्टा लावल्याशिवाय मी गाडी सुरूच करणार नव्हते. उत्रोलीजवळ रस्त्यावर भाताचा पेंढा पसरलेला, तिथं हळू घेतली तर तुम्ही कुरकुरलात. पुण्याच्या पोरांना पुढं जाऊ दिलं, तेव्हाही.

नसरापूर सोडलं आणि तुम्ही गप्प झालात. मला वाटलं, घाबरलात. तेवढ्यात तुमचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर ठक्कन आपटलं. अब्बा, तुम्ही घोरत होतात! मागचा झोपला तर दोघंही पडतात, म्हणून थांबून तोंडावर पाणी मारायला लावलं, चहा पाजला. तरी वेल्ह्यात गाडी सोडून, किल्ली खिशात घालून एसटीत बसलात. निकाल पत्रानं कळवतो म्हणालात. कळवा लवकर.

लोभ इकडे पाठवा, राग भोरलाच ठेवा.

तुमची हीना

भोर, २२ नोव्हेंबर

चि. हीनास दुवा. वि. वि.

पहिली गोष्ट, मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून रस्त्याचा विचार करत होतो. अम्मीला हे पटत नाही. तिचं म्हणणं, तुमी तर एसटीतबी डोळा मिटत न्हाई, डायवरवर नजर ठिवून बसता.

काल शेजारच्या गेनूच्या गाडीवर उत्रोलीला गेलो. त्याचंही हेल्मेट हँडलला. त्यानं ते डोक्यावर घालेपर्यंत मी बसलोच नाही. पोरीनं तुला पार बिघडवलं, म्हणाला. माझ्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे अंडी पिशवीतून आणली. थोडी फुटली. अम्मीची बोलणी खाल्ली.

आता निकाल. घाबरलेल्या माणसाला झोप लागत नाही, एवढं मला कळतं. ब्रेक तपासून घे, अंधार पडायच्या आत खोलीवर ये. पाकीट जरा जपून फाड, किल्ली आत आहे.

लोभ होताच, आता माझी मान चार लोकांत ताठ आहे.

तुझा अब्बा