दोनच्या बटणावरची फुली

२ जानेवारी २०२५, गुरुवार

लातूरचं भांड्यांचं दुकान आठवलं आज. लग्नाला महिना झाला असेल. स्टीलचा डबा घेतला नि ह्यांनी लगेच नाव घालायला दिला. त्या मशीनची कर्रर्र – अंगावर काटा आला! म्हटलं, कोऱ्या डब्यावर ओरखडे कशाला? हे म्हणाले, "अंधारात हात लागला तरी आपला कळला पाहिजे." मग मुरुडच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलो. बाकी काही घडलं नाही त्या दिवशी. तरी आठवतो.

आठवला तो ह्यांच्या मोबाइलमुळे. साधा बटणांचा फोन, पण काय दशा केलीय, नुसते ओरखडे! हैदराबादच्या कॉन्व्हेंटात दर सोमवारी सिस्टर बूट तपासायच्या, बुटात तोंड दिसलं पाहिजे. तो चळ माझा अजून जात नाही. हे चिडवतात – "सिस्टर, झाली का तपासणी आमची?"

संध्याकाळी फाट्यावर मोहसीनच्या मोबाइल दुकानात जाऊन आले. म्हटलं, काचेवरचे ओरखडे जातात का रे?

"जातेत की चाची, प्लास्टिकच हाय ते. घाई नका करू फक्त."

बारीक पॉलिश पेपर दिला, पांढरी पेस्ट दिली. पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेनं घासायचा, मग पेस्ट, मग चष्म्याचं फडकं.

४ जानेवारी

दोन दुपारी गेल्या, हे झोपलेले असताना. काच अशी निघाली की पंख्याचं पातं दिसतंय! मग राहवेना, बटणंही घेतली. दोनच्या बटणावर तर कुणी खिळ्यानं फुली मारल्यासारखे ओरखडे. तेच सगळ्यांत चिवट. पाऊण तास घासलं. आकडा जरा पुसट झाला, पण बोट कसं घसरतं!

ह्यांच्या हातात दिला. अंगठा बटणांवरून फिरवत राहिले – पुन्हा, पुन्हा. मी विचारलं, कसा झालाय? मग म्हणाले, "लई चमकायलाय की! नवाच केलास." खिशात ठेवला.

खूश झाले असतील.

९ जानेवारी

हे गेले. सकाळी.

१३ जानेवारी

रडू येत नाही. लोक येतात, बसतात, जातात. शेजारची बेगमबी जेवण आणते. मी ताट धुऊन परत देते.

सकाळी फिरायला गेले होते, कालव्याच्या पुलावर बसलेले सापडले. धुकं होतं, रस्त्याला कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, अर्धा तास आधी आणलं असतं तर. घर तिथून दहा मिनिटांवर. मी चहा ठेवून वाट बघत होते.

आज सटवाजी गॅसची टाकी घेऊन दारात. म्हटलं, आम्ही नाही बुक केली.

"केली की बाई. नऊ तारखेला, सकाळीच. सरांच्याच नंबरवरून हाय."

शिल्पा लातूरहून आलेली आहे. तिनं दवाखान्याच्या पिशवीतून बाबांचा फोन काढला. सहा वाजून बारा मिनिटं. एकाच नंबरला चार कॉल – गॅसच्या बुकिंगचा. त्यावर नुसता मिस कॉल दिला की टाकी बुक होते.

तिनंच बाबांना लावून दिलं होतं. दोनचं बटण दाबून धरलं की मी, तीनचं धरलं की गॅस. पोरीनं फोन जमिनीवर ठेवला. "आई, मी कशाला शेजारी टाकला गं तो नंबर! माझ्यामुळे गेले बाबा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. टाकी अजून दारामागेच आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. कुणी तिळगूळ दिला नाही, बरं झालं.

२४ जानेवारी

तेरावं झालं. शिल्पा परत गेली. आज पेस्ट परत करायला मोहसीनकडे गेले. फोन दाखवला. त्यानं दोनच्या बटणावर नख फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं.

"चाची, हे बी घासलं तुम्ही?"

"का रे?"

"निशाणी होती ती. सरांनीच करून घेतली माझ्याकडून, सुई तापवून. वर्ष झालं, सरांना जवळचं दिसत नव्हतं. शुगरनं डोळे गेले म्हणे. तुम्हाला सांगू नको बोलले. 'सिस्टर घाबरती,' बोलले. तुम्ही काच म्हणालात, मला काय माहीत बटणं बी…"

मी पैसे किती झाले ते विचारलं. तो घेईना.

घरी आले. गॅसच्या त्या नंबरला माझ्या फोनवरून लावून बघितलं. एकदा रिंग जाते आणि कट होतो.

म्हणजे ह्यांना वाटलं, मी कट करतेय. चार वेळा.

भात लावला. जेवले. भांडी घासली.

२७ जानेवारी

शिल्पाचा फोन. आवाज ओळखू येईना. जावयांनी फोन घेतला, म्हणाले, "आई, ती दोन घास पण खात नाही. एकच पालुपद – मीच मारलं बाबांना. तुम्ही समजावा."

तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही बाळा.

"मग कुणाची, आई?"

रेंज जातेय म्हटलं नि फोन ठेवला.

२९ जानेवारी

आजही नाही सांगितलं. तिच्या नजरेत मी काय होईन?

आरशात बघितलं. तोंड स्वच्छ. सोमवारच्या बुटासारखं.

१ फेब्रुवारी

उद्या सकाळच्या गाडीनं लातूर.

ह्यांचे फिरायचे बूट सटवाजीला, मापाचे आहेत. टाकी बेगमबीला, माझ्या शेगडीला ती जोडवत नाही. नावाचा डबा माझ्याकडेच राहील.

फोन शिल्पाला. दोनवर मी सुई तापवून फुली काढली आहे, वाकडी आली. ही वहीसुद्धा शिल्पाला – मी गेल्यावर नाही, उद्याच, तिच्या हातात.

शिल्पा, आधी चार तारीख वाच, मग चोवीस. मी समोरच बसलेली असेन. मग मला काय म्हणायचं ते म्हण. पण मग जेव.