हाताने बसलेली कडी

हातोडी वापरायची नव्हतीच, दादा. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी सगळ्याच बाबतीत शरण आलो. सायकलच्या हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या जोडाच्या, वाट्या लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकणं चूक ते चूकच. वाट्या दाबून बसवायची प्रेस घे, प्रेस घे म्हणून मी घसा कोरडा केला आणि तू म्हणालास, "बाबांनी तीस वर्षं ठोकूनच बसवल्या, कुणाचं काही वाकडं झालं नाही." एवढ्या एका मुद्द्यावर मी हटत नाही. बाकी सगळ्यावर हटतो. कसा, ते खाली कलमवार दिलं आहे.

तर मी, खाली सही करणारा, वय पंचवीस, शिक्षण सातवी, धंदा सायकल दुरुस्ती, कोपर आणि गुडघा सोललेला पण डोकं ठिकाणावर, कुणाच्या दबावाखाली नसताना आणि काहीही प्यायलेला नसताना, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या भांडणांचं पुढीलप्रमाणे व्हावं. "राजीखुशीने" हा शब्द माझ्यासोबत खोलीवर राहणाऱ्या कारकुनाने घालायला लावला. खुशी काही नाही. अक्षर वाकडं आलं तर त्याला वेड समजू नये.

मृत्युपत्रच का? तीन पत्रं पाठवली, तिन्ही न फोडता परत आली. फोन केला की तू आईच्या हातात देतोस. कारकून म्हणाला, "पत्र माणूस फाडतो. मृत्युपत्र फाडत नाही, आपल्याला काय ठेवलंय ते आधी बघतो." म्हणून हे. अट एकच: मी जिवंत आहे तोवरच हे उघडावं, आणि आई आणि बहीण छकुली समोर असताना मोठ्याने वाचावं. मधलं काही गाळू नये. आई रडली तरी.

कलम पहिलं. आज सकाळी काय झालं.

एक जुनी लाल शर्यतीची सायकल आली होती, हेडसेट पूर्ण बदलायचा. छर्रे, वाट्या, कड्या, सगळं मीच डब्यातून निवडलं. वाट्या प्रेसने बसवल्या, एकदम सरळ. मग चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या, बुडाशी बसते ती कडी घेतली. ती हाताने सरकवली आणि ती अलगद खाली जाऊन बसली. मी शीळ घातली. ग्रीस लावलं, चिमटा चढवला, वरची चकती आवळली आणि चाचणीला उतारावर गेलो.

पुढचा ब्रेक दाबला आणि चिमटा टकटक करायला लागला. मग हँडल असं थरथरलं, जसा जिवंत मासा पकडलाय. मी उजवीकडे पडलो. माझ्या डोक्याजवळून मालट्रकचं मागचं चाक गेलं. एक वीत, फार तर. टायरच्या खाचेत अडकलेला पांढरा खडा मला दिसला. तो अजून दिसतो आहे. डोळे मिटले की तोच खडा.

मला उठवायला आमचे मिस्त्री आले. सत्तरीचे आहेत, "हं"च्या पुढे दिवसभर बोलत नाहीत. त्यांनी सायकल आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात नेली, चिमटा उपसला आणि उलटा धरला. कडी आपोआप त्यांच्या तळहातावर पडली.

"ही ठोकली कशाने?"

"ठोकली नाही. हाताने बसली."

"हाताने?"

"हो. एकदम सहज."

डॉक्टर जसा रिपोर्ट वाचून आधी नातेवाइकांकडे बघतो तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा रे, जी हाताने बसते ती बसलेलीच नसते. वाटी प्रेसने बसव, ठोकू नको, मान्य. पण ही एक कडी रुसली पाहिजे. नळी घालायची, वरून ठोकायची, आवाज बदलला की समजायचं, टेकली."

त्यांनी माप घ्यायचा व्हर्निअर लावला. चिमट्याचं बूड सव्वीस पूर्णांक चार. कडी सत्तावीस. अर्धा मिलिमीटर आणि वर थोडं. तेवढ्या फटीत माझं डोकं जाणार होतं.

"डब्यात दोन्ही मापं होती," मिस्त्री म्हणाले. "मोठी का उचललीस?"

आणि मी खाली बसलो. त्यांना वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. मोठी की लहान, हा प्रश्न मला आधीही एकदा विचारला गेला होता, आणि उत्तर देणाराही मीच होतो.

कलम दुसरं. हे कलम आईने ऐकावं.

तीन वर्षांपूर्वी छकुलीच्या सायकलला हेडसेट आणायला बाजारात मी गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "खालची कडी सव्वीस-चार देऊ की सत्तावीस?" मी म्हणालो, "मोठी द्या." मोठी म्हणजे मजबूत, असा माझा हिशेब. मोजायला घरी काही नव्हतं आणि विचारायला तू होतास, पण तुला विचारलं असतं तर मी कसला शहाणा?

वाट्या तू ठोकल्यास. कडी मी बसवली, हाताने. आणि तुझ्यासमोर मिरवलं, "बघ, न ठोकता." तू कडीकडे बघून म्हणालास, "इतक्या सहज गेली? परत बघ जरा." आठवतंय का? मला आज सकाळपासून दुसरं काही आठवत नाही. मी म्हणालो, "सगळ्यांना लोखंडाचा राग नसतो तुझ्यासारखा." तू हसलास आणि विषय सोडलास.

अकराव्या दिवशी छकुली उतारावर पडली. तिच्या सायकल शर्यतीच्या निवड चाचणीला दोन आठवडे होते. सायकल उघडली तर खालच्या वाटीला तडा, आणि सगळ्यांनी तुझ्या हातोडीकडे बघितलं. तो तडा तू पाडला नव्हतास. सैल कडीने आपटून आपटून पाडला होता. कडी ग्रीसमध्ये पडली असणार, ती कुणी बघितली नाही. मीही नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात आईसमोर म्हणालो, "तुझ्या हातोडीने तिचा हात मोडला."

तू उलटून एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, चूक कबूल आहे. तुलाही तसंच वाटलं असणार, म्हणून तर बाबांच्या सायकल दुकानाचं शटर ओढलंस आणि गोदामात पोती उचलायला लागलास. तीन वर्षं. मी करून दिलेल्या समजुतीवर. दादा, मला हे लिहिताना खरं वाटत नाही, पण व्हर्निअर खोटं बोलत नाही.

छकुलीचा हात मी मोडला. मापाने, तोंडाने आणि वर चोराच्या उलट्या बोंबा मारून.

कलम तिसरं. घर आणि दुकान यातला माझा अर्धा वाटा दादाला जावा. अट: शटर उघडलं पाहिजे. पोती उचलण्यासाठी वाटा देत नाही.

कलम चौथं. बँकेत जे काही असेल ते छकुलीला. तिचं कोपर सरळ होत नाही. पहिल्या महिन्यात ती म्हणाली होती, "चला, एक बरं झालं, कुणापुढे हात पसरायची सोय राहिली नाही." आम्ही हसलो होतो. त्या हसण्याचीही मला आज लाज वाटते. छकुले, तुला सायकलवर बसायचं असलं तर बस, नसलं तर नको. पण घाबरून थांबली असशील तर दादाला घाबरू नकोस. घाबरायचं होतं ते मला.

कलम पाचवं. आईला माझी लोकरीची शाल, जी तिनेच दिली होती, आणि एक विनंती: दादाला जेवायला वाढताना बोलत जा. फोनवर मला कळतं की घरात ताटांचाच आवाज असतो.

कलम सहावं. हातोडी. घर सोडताना बाबांची हातोडी मी चोरली होती. तू शोधली असशील. परत कुणाचं नुकसान करू नयेस म्हणून नेली, असं मी स्वतःला सांगत होतो. तीन वर्षं ती पेटीच्या तळाशी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली होती. आज मिस्त्री म्हणाले, "माझी हलकी पडेल, दुसरी आहे का?" मी ती काढून दिली. त्यांनी सव्वीस-चारची कडी घेतली, नळी घातली आणि ठोके दिले. सातव्या ठोक्याला आवाज बदलला. मघाशी टणटण होतं, मग एकच भरीव ठक्. मिस्त्री म्हणाले, "ऐकलंस?"

ऐकलं. हातोडी दादाची. वाट्यांसाठी वापरू नये. कडीसाठी खुशाल वापरावी.

कलम सातवं. माझे बूट कारकुनाला. तो ते आताच घालतो. मिस्त्रींना काही ठेवलेलं नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे. ते म्हणाले, "काही नको. फक्त मोजत जा."

कलम आठवं. माझा दादावर जो राग होता तो कुणालाही देत नाही. तो माझ्यासोबत जाळावा. दादाचा माझ्यावर राग असेल, तर तो त्याची स्वतःची मिळकत आहे. त्यावर माझा हक्क नाही. ठेवायचा की सोडायचा, त्याने बघावं.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात जे बोललो होतो ते मात्र या लिखाणाने रद्द समजावं.

सही: तुझा धाकटा

साक्षीदार पहिला: मिस्त्री. "सही माझ्यासमोर केली. कडी मी स्वतः मोजली."

साक्षीदार दुसरा: कारखान्यातला रंगारी. "सही माझ्यासमोर केली. तो रडत होता पण शुद्धीत होता."

ठिकाण: कारखान्यामागची वरच्या मजल्यावरची खोली. तारीख: महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपारी तीन.

सोबत दुकान उघडण्यासाठी पैसे पाठवतो आहे. कुलूप नवं घे, मग प्रेस, मग व्हर्निअर, जमलं तर याच क्रमाने. माझ्याकडे रोख सगळे मिळून सत्तावीस हजार होते. पण पाठवतो आहे सव्वीस हजार चारशे.