एकाच खुंटीवर दोनदा

तीर्थस्वरूप सविताआत्या हिस,

नगरहून निकिताचा नमस्कार. तुझे गुडघे आणि मामांची शुगर कशी आहे ते कळव. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते.

तुमच्या शिर्डीच्या भक्तनिवासाची वेबसाइट बिघडली, असं तू सांगितलंस. मी उघडली तेव्हा ती नीट चालत होती. संशय तिथूनच सुरू झाला. (मग पासवर्ड बदलायला म्हणून माझी जन्मवेळ मागितलीस. पासवर्डला जन्मवेळ लागत नाही.)

तरी कामाला लागले. साइट ज्या थीमवर, तयार साच्यावर, चालते, तिच्यात ठरावीक जागी हुक असतात, म्हणजे खुंट्याच. खोली बुक झाली की त्या खुंटीवर टांगलेलं काम आपोआप होतं. तुझ्या शेजारणीच्या भावाने, वाल्मिकने, भाडं, आरतीच्या वेळा, ग्राहकाला जाणारा निरोप, सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलं होतं, लग्नघरातल्या आहेराच्या ढिगासारखं. मी त्याचे वेगवेगळे क्लास, म्हणजे कप्पे, केले: बुकिंगचा एक, निरोपांचा एक, दिसण्याचा एक. ज्याने त्याने आपलं काम बघायचं, दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. (हा नियम नातेवाइकांनाही लावता येतो.)

दुसऱ्या दिवशी पाहते तर जुन्या ओळी परत जागेवर. माझे क्लासही होतेच, त्यामुळे निरोपाचं काम एकाच खुंटीवर दोनदा टांगलं गेलं. लातूरच्या एका कुटुंबाला ‘खोली पक्की’ असे दोन निरोप गेले. दोन खोल्या मिळाल्या असं समजून ते साडूचं बिऱ्हाडही घेऊन आले. मामांनी साडूंना जेवणाच्या हॉलमध्ये झोपवलं, हे मला कळलं आहे.

त्यावर तू म्हणालीस, पोरगा आडमुठा आहे, तूच बोल त्याच्याशी. मी फोन केला.

“मॅडम, जुनं परत टाका असं तुमीच म्हनल्या ना? तुमच्या आत्यांनी सांगितलं.”

मी असं काही म्हटलं नव्हतं, हे त्याला सांगितलं.

“मंग त्यांनी माझी उंची कशापायी इचारली? साइटवर टाकायची म्हनल्या.”

आत्या, वर्षभर माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाही, असं बाबांसमोर ठरलं होतं. तूही मान हलवली होतीस. ते मोडण्यासाठी तू चालती साइट बिघडवलीस आणि दोन माणसांना एकमेकांच्या नावाने खोटं सांगितलंस. मला हे मान्य नाही. जुनी फाइल मी काढून टाकली आहे. विषय संपला.

तुझी,
निकिता

ता. क. वाल्मिकची मांडणी अस्ताव्यस्त आहे, पण कोणती ओळ कशासाठी आहे ते त्याने तिच्याशेजारीच लिहून ठेवलं आहे. माझ्या ऑफिसात असं कुणी करत नाही. केवळ नोंद म्हणून सांगते.

ता. क. २. क्लास त्याला समजावून द्यावे लागतील. फोनवर जमण्यासारखं नाही. रविवारी आम्ही राहुरीत भेटतो आहोत. बाबांचा फोन आलाच, तर साइट पुन्हा बिघडली आहे असं सांग.