शेवटचे चार आकडे

४ मार्च
स्कॅनर मेला. खाऱ्या हवेने खाल्ला. आता औषधाच्या प्रत्येक खोक्यावरचे तेरा आकडे हाताने टाकायचे! फेलेतीकाकांना म्हटलं, शेवटचे चारच ठेवू या. कोठाराचे प्रमुख ते, पण हसले. "मेलेआने, डोकं आहे तुला!"

९ मार्च
दिवसाचं काम दुपारीच संपतं. सगळे खूश.

१७ मार्च
यादी पडताळत होते. ४४७१ दोनदा! एक इंजेक्शनात मिसळायचं पाणी. दुसरं पोटॅशियमचं तीव्र द्रावण — तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबतं. कुप्या दिसायला सारख्याच.
फळीकडे धावले. पाण्याचे खोके जिथल्या तिथे. पोटॅशियमचा एक कमी. उत्तरेच्या बेटावरच्या दवाखान्याने पाणी मागवलं होतं. बोट मंगळवारीच इथून, नुकुअलोफाच्या बंदरातून सुटली.
काकांना सांगितलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "कल्पना कुणाची, हे कुणापाशी बोलायचं नाही. कळलं?" स्वतःची कातडी वाचवतायत! त्यांना निवृत्तीला दोन महिने उरलेत.
फोन लागत नाही. तिकडे वादळ.

१८ मार्च
रेडिओवर लुपेताई मिळाली, तिथली नर्स. म्हणाली, "खोका काल फोडला. दोन लेकरं तापाने फणफणलीयत, त्यांना इंजेक्शन—"
खरखर. मग काहीच नाही.
मी ओरडत राहिले, "देऊ नकोस! ताई, देऊ नकोस!"

१९ मार्च
आईने लू केलं होतं, अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण. ताट तसंच सरकवलं. "बरं नाही का गं?" सांगू काय? दोन लेकरं. नावंही माहीत नाहीत मला.

२० मार्च
लुपेताईचा फोन लागला!
"अगं, रडतेस काय? लेकरं खेळतायत. मी कुपीवरचं नाव वाचते, खोक्यावरचे आकडे नाही. पाणी माझ्याकडे जुनं शिल्लक होतं, त्यात भागवलं. तुझा खोका कुलपात ठेवलाय. पण मेलेआने — परवा माझ्या जागी नवी मुलगी असती तर?"
फोन ठेवला आणि यादीत पुन्हा तेरा आकडे टाकायला बसले.

२१ मार्च
काकांची खुर्ची रिकामी. घरी बसवलंय त्यांना. मोठ्या साहेबांच्या टेबलावर काकांच्या सहीचं पत्र पाहिलं, तारीख सतराची — "चार आकड्यांची कल्पना माझी. मुलीने नको म्हटलं होतं."
मी कधी नको म्हटलं?
साहेबांच्या दाराबाहेर बसून हे लिहितेय. आत बोलावतायत.