घाबरलेल्या हाताचा वास

४ सप्टेंबर
पोचलो एकदाचे! दोन ट्रंका, एक कुंडी आणि बिट्टी, सगळं शाबूत. बिट्टी माझी लेक, वय सात, तोंड सत्तरीचं. तिचे बाबा जहाजावर, त्यामुळे घर लावताना अक्कल शिकवायला तीच. क्वार्टर प्रयोगशाळेच्या आवारातच आहे. दोन खोल्या, खिडक्यांना दुहेरी जाळी आणि नळाला चक्क दिवसभर पाणी. मी जाम खूष आहे.

खालच्या वस्तीत दरवर्षी डासांच्या तापाने मुलं दगावतात. डास माणसाला वासावरून हुडकतो. तोच वास आपण बाटलीत बनवून सापळ्यात ठेवला, तर डास घरांत शिरण्याऐवजी तिकडे जातील. तो वास नेमका कशाचा, हे शोधायला रसायनवाल्या बाईला, म्हणजे मला, बोलावलंय.

७ सप्टेंबर
प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, भले गृहस्थ वाटतात. हळू बोलतात, चपराशालाही अहो-जाहो करतात. डास वाढवणाऱ्या मावशी मात्र फटकळ. वीस वर्षं हेच काम करताहेत. मला बघताच म्हणाल्या, की बाई, पावडर थापून आलात तर माझी पोरं बिथरतील. पोरं म्हणजे डास. आमचं लगेच जमलं.

पद्धत सोपी आहे. नायलॉनचा लांब पायमोजा कुणीतरी चार तास हातात घालून बसायचं. मग दोन फाटे असलेल्या काचेच्या नळीत एकीकडे तो ठेवायचा, दुसरीकडे कोरा, आणि शंभर डास सोडायचे. साठ जण आपल्याकडे आले तरी पुष्कळ. माझ्याकडे अठ्ठावन्न आले, मावशींकडे एकसष्ट. त्यावरून दिवसभर माझी टिंगल चालली होती.

१९ सप्टेंबर
आज कमाल झाली. ड्रायव्हरकाकांचा पायमोजा लावला तर चौऱ्याण्णव! मला वाटलं माझीच चूक. पुन्हा केलं, त्र्याण्णव. विचारलं तेव्हा कळलं, की पायमोजा हातात असताना समोरून ट्रक अंगावर आला आणि जीप कठड्याला घासत गेली. काकांना चहाचा कप धरता येत नव्हता.

घाबरलेल्या माणसाचा घाम! वासातली रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रात घातला तर आलेखात एक नवंच टोक वर आलं. अहवालात त्याच्याभोवती लाल गोल काढून सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन बिट्टीला शिरा करून खाऊ घातला.

३ ऑक्टोबर
सरांनी न सांगता, पायमोजा घालून बसलेल्या काकांच्या पाठीमागे लोखंडी कपाट पाडलं. काका किंचाळले, मग हसले. आम्हीही हसलो. आकडा बहात्तर. सर म्हणाले, पुरेसं नाही.

१० ऑक्टोबर
आज चौकीदाराचा कुत्रा. साखळी घट्ट धरलेली असेल असं सरांनी सांगितलं होतं. काकांना कोपऱ्यात उभं केलं, दोन्ही हातांत पायमोजे. कुत्रा नुसता भुंकत होता तेव्हा उजवा काढून घेतला. मग साखळी सुटली. की सोडली, मला माहीत नाही. पोटरीचा लचकाच निघाला. फरशीवर इतकं रक्त, की कुत्रा स्वतःच घसरला.

मी जखमेवर टॉवेल दाबला आणि डाव्या हाताचा पायमोजा काढून बाटलीत टाकला. आधी कोणतं केलं ते आठवत नाही.

आठवतं. आधी पायमोजा.

११ ऑक्टोबर
काका दवाखान्यात. उजवा पायमोजा शहाण्णव, चावल्यानंतरचा डावा एकाहत्तर. म्हणजे हा वास दुखण्याचा नाही, दुखणार म्हणून वाट बघण्याचा आहे.

हे सरांना सांगायची काय गरज होती मला? पण धावत जाऊन सांगितलं, शाबासकीसाठी. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

२० ऑक्टोबर
आता कुणी हात द्यायला तयार नाही. मावशी आपणहून बसल्या. त्यांची नात गेल्या वर्षी याच तापाने गेली.

दहा वाजता सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, की बारा वाजता तुमचं एक बोट मोडेन. मावशी हसल्या, म्हणाल्या, की एखादं मोडकं चालेल, पोळ्या सून लाटते. मलाही वाटलं, घाबरवायला म्हणताहेत. अकराला हसणं थांबलं. पावणेबाराला त्या उठल्या, बस झालं म्हणाल्या. सरांनी दाराला कडी घातली.

मी घड्याळ धरून उभी होते. नुसती उभी.

बारा वाजता, पक्कडीने, करंगळी. ओली काडी मोडावी तसा आवाज आला.

अठ्ठ्याण्णव.

जाताना मावशी सरांच्या शेजारून सरळ माझ्यापाशी आल्या. माझ्या तोंडावर थुंकल्या.

२१ ऑक्टोबर
मुख्य कार्यालयाला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की आकडे पक्के आहेत ना?

मी निघून का जात नाही? लिहायची लाज वाटते. त्या टोकाच्या शेजारी अजून एक बारीक टोक दिसतंय. एकच नमुना हवा. एकच.

२४ ऑक्टोबर
सर म्हणाले, मोठ्यांच्या घामात औषधं असतात, तंबाखू असते. मुलांचा घाम स्वच्छ. बिट्टीला परवा दुपारी घेऊन या, म्हणाले. आणाल का, असं नाही. आणा.

मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि घरी येऊन बॅग खाली काढली.

२५ ऑक्टोबर
पहाटे बॅग भरली, बिट्टीला घेतलं. फाटकाला कुलूप. चौकीदार म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, पोरीला शाळेपुरतं सोडीन, तुम्हाला नाही. सर आले. बिट्टीच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिच्या केसाला धक्का लागू देणार नाही. काहीही झालं तरी —

२६ ऑक्टोबर, ११.२०
गॅसच्या टाकीचा पाना उचलला. सर खाली वाकून आलेख बघत होते. पहिला फटका तोंडावर — दात टेबलावर पडले. दुसरा गुडघ्यावर, पळू नयेत म्हणून. तिसरा उगाच.

११.४०
खुर्चीला तारेने बांधलंय. रडताहेत. चाव्या सापडल्या. फाटक उघडायचं, शाळेतून बिट्टीला घ्यायचं आणि —

११.५०
त्यांच्या हातात पायमोजा चढवला. फक्त बघायला. पाच मिनिटं.

१२.१५
सांगितलं, एक वाजता. काय ते नाही सांगितलं. टेबलावरच्या जाळीच्या पिंजऱ्यातले शंभर डास त्यांच्या बाजूच्या जाळीला येऊन चिकटले. शंभरच्या शंभर. कधी आले नव्हते एवढे! मी मोठ्याने हसले.

१.००
करंगळी.

१.०५
अंगठा — हा नव्हता सांगितला —

१.१०
दार उघडलं. वारा आत आला. डास एकदम उठले — सरांना सोडून — दाराकडच्या जाळीवर —

बिट्टी. पाठीला दप्तर. घरी कुलूप बघून इकडे आली.

सांगितलं तिला, घाबरू नकोस, आता हे काही करणार नाहीत. ती सरांकडे बघतच नाही. माझ्याकडे बघते. पक्कड खाली ठेवली तरी —

जवळ गेले की मागे सरते. भिंत लागली तिला. आई नको, म्हणते. आई नको, आई —

शंभरच्या शंभर. एकसुद्धा हलत नाही.

टेबलावर कोरा पायमोजा आहे. तिच्या हाताला मोठा होईल, पण वर दोरा बांधला तर —