तीस पोती हळद आणि बंडोपंतांचा स्टार्टर

५ मे, सोमवार. सकाळी ७.१०
ट्रॅक्टर सुरू होत नाही. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. मॉडेल १९९१चं आहे, पण तब्येत उत्तम. मेकॅनिकला बोलवायचं नाही असं ठरवलं. तहसिलीत तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळली; चार वायरींची आवक-जावक ती काय!

सकाळी ९
शेजारच्या जनकाबाई आल्या. वाळवलेली हळद अंगणात पडून आहे, भिजली तर रंग गेला. म्हणाल्या, "पंत, आभाळ येऊन राहिलं. तुमचं जमत नसंल तर आत्ताच सांगा, मी दुसरं पाहीन." गुरुवारी तीस पोती वसमतच्या मोंढा बाजारात पोचवतो, असा शब्द दिला.

दुपारी
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. हेडलाइट लावून किल्ली फिरवायची. लाइट मंद झाले तर बॅटरी गेली, नाहीतर... इथे रेंज गेली. आपले लाइट मंद झाले. निदान पक्कं: बॅटरी. सौ. तारा म्हणाली, खालच्या जाड वायरीवर हिरवं काहीतरी चढलंय. तो तांब्याचा स्वभाव असतो, हे तिला समजावून सांगितलं.

६ मे, मंगळवार
नवी बॅटरी बसवली. 'टक्' कायम, पण पूर्वीपेक्षा खणखणीत. प्रगती आहे.
हट्टा गावच्या एसटी स्टँडवर गुलाबसिंग मेकॅनिक भेटला. त्याने विचारलं, "पंतजी, अर्थ देखा क्या?" मी म्हणालो, अर्थ स्पष्ट आहे, स्टार्टर गेला. तो परत चहा पिऊ लागला. अशा लोकांना वाचनाची सवय नसते.

७ मे, बुधवार
स्टार्टर खोलून काढला. बोटाचं साल निघालं, किरकोळ. अंगणात ठेवून थेट बॅटरीला जोडून पाहिला. फिरला! नुसता फिरला नाही, उडी मारून ताराच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेला. म्हणजे स्टार्टर ठणठणीत आहे. बहुधा आळसावला होता, आता जागा झाला असेल. परत बसवला. एक बोल्ट उरला. कंपन्या जास्तीचा देतात.
तारा बोलत नाही. पापड चाळीसच होते.

८ मे, गुरुवार. सकाळी ७.४०
टक्.

८.१५
जनकाबाई आल्या. काम शेवटच्या टप्प्यात आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी काहून इतकी तकलीफ करून घेता? गुलाबसिंगाला बोलवा की." मी नम्रपणे नकार दिला. ताराने नम्रपणे त्याला फोन केला.

१०.३०
गुलाबसिंग हात हलवत आला. माझाच पाना घेतला, ती हिरवी वायर सोडवली, वायर आणि तिच्याखालचं लोखंड पॉलिश पेपरने घासलं, परत आवळली. उरलेला बोल्ट माझ्या हातून घेऊन त्याच्या जागी लावला. किल्ली फिरवली. ट्रॅक्टर सुरू! अकरा मिनिटं. म्हणाला, "ये अर्थ की वायर है, पंतजी." मी मान डोलावली. खरं काम झालेलंच होतं, नवी बॅटरी, जागा झालेला स्टार्टर. त्याने फक्त शेवटचा हात फिरवला.
एकदा बंद करून परत चालू करून बघा, असंही म्हणाला. मी ऐकलं नाही. चालू झालेलं यंत्र बंद करायचं नसतं. आता थेट मोंढ्यातच बंद करणार.

दुपारी ३
पोती भरताना, जेवताना, पान खाताना इंजिन चालूच ठेवलं. डिझेलचा काटा फुल दाखवतोय.

५.२०
वसमत रोडवर ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि थांबला. डिझेल संपलं. काटा २०१७पासून फुलवरच आहे, हे आता आठवलं. आभाळ काळं. पोत्यांवर बसलेल्या जनकाबाई खाली उतरल्या आणि वसमतकडे जाणाऱ्या रिकाम्या टेम्पोपुढे पदर खोचून उभ्याच राहिल्या. वीस मिनिटांत पोती टेम्पोत. ताडपत्रीसुद्धा स्वतः बांधली. जाताना म्हणाल्या, "पंत, तुमी बी चला. पाणी येऊन राहिलं."
यंत्र सोडून येता येत नाही, असं म्हणालो. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो. जरा वाईट वाटलं.

६.१०
एका दुचाकीवाल्याने कॅनमध्ये डिझेल आणून दिलं. स्टार्टर काय सुरेख फिरतो! इंजिन मात्र घेत नाही. दुचाकीवाला म्हणाला, टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते. पटलं नाही. फिरवत राहिलो.

६.४५
जनकाबाईंचा फोन. हळद कोरडी पोचली. इकडे पाऊस सुरू झालाय. ट्रॉलीखाली बसून लिहितोय.

६.५०
गुलाबसिंगाला फोन केला. काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं: सहज केला, आभार मानायचे राहिले होते.
त्याने उचलताच विचारलं, "हां पंतजी, कहां खडे हो?"
ठिकाण सांगितलं.