बाळाला हात लावण्याआधी

प्रिय चारितो,

दादाचे अनेक आशीर्वाद. तू, नेस्तोर आणि आमची चार महिन्यांची अमिहान, तिघंही त्या आयर्लंडच्या गारठ्यात सुखरूप असाल अशी आशा. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. माझं डोकं महिनाभर ठणकतंय आणि त्याला कारण तू आहेस.)

काय बाई तुझा तो हुकूम! म्हणे, आम्ही बाळाला घेऊन गावी येऊ तेव्हा फ्लूची लस घेतली नाही त्यानं तिला हात लावायचा नाही. तू तिकडे नर्स, फोनवर हुकूम सोडायला तुझं काय जातंय? आईला तो ऐकवायला इथं मीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती लस देता येत नाही, म्हणून तिच्या आजूबाजूच्या मोठ्यांनी घ्यायची, हे मी आईला तीनदा समजावलं. तिनं मासे साफ करता करता ऐकलं आणि म्हणाली, "मी चार पोरं वाढवली. प्रत्येकाला दृष्ट लागू नये म्हणून पोटाला थुंकी लावली. मेलं का कोणी?" मागच्या पावसाळ्यात इस्कोमामा 'साधा ताप आहे' म्हणत फ्लूनं नऊ दिवस इस्पितळात पडला होता, त्याची आठवण करून दिली, तर म्हणाली तो आधीपासूनच नाजूक. (इस्कोमामा! जो एकटा डुक्कर उचलतो!)

शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. सहज बोलल्यासारखं सांगितलं, की तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आपल्या कोन्सोर्सियाबाईंनी, लस घेण्यासाठी नाव नोंदवलंय, तेव्हा विमानतळावर नात पहिल्यांदा त्यांच्याच मांडीवर जाणार. आईनं सुरी खाली ठेवली. "ती विहीण? माझ्या आधी?" दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाईसाहेब चर्चला जायचा झगा घालून माझ्या रिक्षात बसलेल्या.

पण सुखासुखी होईल तर ती आपली आई कसली! आरोग्य केंद्रात आधी ब्लड प्रेशर बघतात हे तुला सांगायला नको. हिनं न्याहारीला खारवलेले सुके मासे, वर खारवलेलं अंडं, असं मिठागर पोटात रिचवलेलं. यंत्राचा आकडा बघून नर्सबाई वेलास्को म्हणाल्या, "आजी, घरी जा. आठवडाभर मीठ कमी." आठवडाभर ही बिनमिठाची पेज प्यायली आणि प्रत्येक घोटाला मला शिव्या दिल्या. पुन्हा गेलो, तर शेजारच्या खुर्चीत कोण? कोन्सोर्सियाबाई! त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, की बाळाचं नाक अगदी आमच्याकडचं आलंय हो. झालं! आकडा पहिल्यापेक्षा वर. विहीणबाई दंडाला कापूस दाबत हसत घरी गेल्या आणि आई परतीच्या वाटेवर रिक्षात मोठमोठ्यानं त्या घराण्याच्या नाकांचं वर्णन करत होती. सगळ्या बाजारानं ऐकलं. मी मान खाली घालून रिक्षा चालवत होतो.

तिसऱ्या वेळी मी तिला ताकीद दिली, की तोंड उघडायचं नाही, जपमाळ ओढायची. ओढली. आकडा उतरला, सुई टोचली, हूं की चूं केलं नाही. (मी बाहेर रिक्षा सांभाळत होतो. आमच्या गावात रिक्षा कोणी चोरत नाही, मान्य, पण सांभाळलेली बरी.)

तुला वाटेल, संपलं. छे! खरा ताप आता सुरू झालाय. आईनं फाटकावर पुठ्ठा टांगलाय: 'लसीचं कार्ड दाखवा, मगच बाळाला हात लावा. थुंकी लावणाऱ्यांनी आत येऊच नये.' हे लिहिणारी कोण, तर गल्लीतल्या निम्म्या पोटांना थुंकी लावलेली बाई! बाप्तिस्म्याचं बोलायला पाद्रीबाबा आले, तर त्यांनाही कार्ड विचारलं. ते बिचारे म्हणाले, "अहो, मी फक्त पवित्र पाणी लावणार." आई म्हणाली, "हातानंच ना?" पाद्रीबाबा मुकाट्यानं आरोग्य केंद्राकडे गेले. इस्कोमामा गेला, समोरची पोळपाटासारख्या चेहऱ्याची शिंपीण गेली, तिचा नवरा गेला. गल्लीत आता सगळे बाह्या वर करून दंड दाखवत फिरतात. अशा घरात मी राहतोय. दमलो गं मी.

असो. तुझी खोली रंगवून ठेवली आहे. नेस्तोरला नमस्कार, अमिहानला पापा (लांबून).

तुझा दादा,
दोमिंग

ता. क. एक विनंती. लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात असं वेलास्कोबाई म्हणतात. आईचे चौदा दिवस भरायला दोन दिवस कमी पडताहेत. नातीला बघून ही बाई धीर धरेल का? तेव्हा तिकीट नऊ तारखेऐवजी अकराचं होतंय का बघ. केवळ आईसाठी.

ता. क. २. आईनं वरचं वाचलं. आता डोक्यावर उभी राहून खरं लिही म्हणतेय. तिचे चौदा दिवस मागच्या रविवारीच भरले. दोन दिवस माझे कमी पडतात. मी सुई परवा घेतली. तिन्ही वेळा सुईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. भीती वाटते, बस्स, हसायचं तर हस. परवा आईनं माझा हात धरून ठेवला होता. बावन्न वर्षांचा घोडा, आणि नर्सबाईंनी मला गोळी दिली, लिमलेटची.

आई म्हणते, एकासाठी तिकीट बदलायचं नाही, नियम म्हणजे नियम, दोन दिवस तो फाटकाबाहेर उभा राहील. बरोबर आहे तिचं, राहीन. विमानतळावरही मी येणार नाही, गाडी इस्कोमामा चालवेल. फक्त घरापाशी उतरताना, चारितो, अमिहानचं तोंड रस्त्याच्या बाजूला ठेव.